सासऱ्यांच्या पाच रायफली दोन हजार डॉलरला द्याव्यात का?

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,

मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर ओहायोत आले, नवरा इथलाच अमेरिकन, मी ग्रीन कार्डवर आहे. गेल्या हिवाळ्यात माझे सासरे गेले. त्यांच्या तळघरात पाच जुन्या लष्करी रायफली निघाल्या. जमवायची हौस होती त्यांना, पण नोंद म्हणून कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. गावातला बंदुकीचा दुकानदार येऊन पाहून गेला आणि पाचही मिळून दोन हजार डॉलर देतो म्हणाला. दिरांना ते पटलंय, कारण त्यांना घर लवकर रिकामं करून विकायचं आहे. माझं मन मात्र तयार होत नाही.

पहिलीवर 'यूएस रायफल, कॅलिबर .३०, एम१, स्प्रिंगफील्ड आर्मरी' असं कोरलंय. दुसरी जर्मन आहे. तिच्यावर 'बीवायएफ' आणि त्याखाली '४२', शिवाय बारीक बारीक गरुड. ती नवऱ्याच्या आजोबांनी १९४५ साली युरोपातून आणली असं घरात सांगतात. तिचं लाकूड पुढच्या एका पट्टीखाली करवतीने कापून परत जोडलेलं दिसतं. सोबत एक पिवळा पडलेला, टाइप केलेला, सहीचा कागद होता. तिसरी रशियन, सगळी चिकट. चौथी स्प्रिंगफील्ड १९०३, शिकारीसाठी लाकूड छाटलेली, वर दुर्बीण, नंबर सहा लाखांच्या पुढचा. नवरा म्हणतो ही ठेवू, लेक मोठा झाला की त्याला शिकारीला होईल. आणि पाचवीवर चक्क आपले अशोकस्तंभाचे सिंह! माझे वडील फौजेतून निवृत्त झालेत. त्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, "अगं, ही आपली थ्री नॉट थ्री." ते मे महिन्यात इकडे येणार आहेत आणि जाताना ती घरी नेता येईल का असं विचारतायत.

यांची खरी किंमत कशी काढायची? आणि विकण्याआधी लाकूड सुताराकडून नीट करून, लोखंड घासूनपुसून घेतलं तर जास्त पैसे येतील का?

– एक वाचक, ओहायो

उत्तर

ताई, आधी त्या दुकानदाराला फोन करून 'अजून आमचं ठरलेलं नाही' एवढं सांगा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल. आणि सुताराला तर मुळीच बोलावू नका. दिवाळीच्या आधी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करायची आपली सवय या बाजारात पार उलटी पडते. जुनी लष्करी रायफल घेणारा माणूस तिच्यावरच्या त्या काळच्या खुणांचे पैसे देतो. लाकडावर सँडपेपर फिरवला की त्यावरचे तपासनिसांचे शिक्के पुसले जातात. नळीला नवा काळा रंग दिला की मूळ रंग कायमचा गेला. शंभर डॉलर खर्चून पाचशे डॉलर घालवलेली घरं मी पाहिली आहेत. बंदुकीचं साधं तेल सुती फडक्यावर अगदी थोडं घेऊन लोखंडावरून हलक्या हाताने फिरवा, एवढंच. हातांत मोजे घाला, कारण घामाने गंज धरतो. तळघरातून त्या वर कोरड्या खोलीत आणा, आणि स्पंजच्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, स्पंज ओल धरून ठेवतो.

हे सगळं करण्याआधी पाचही रायफली रिकाम्या आहेत ना, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. सासरे काळजी घेणारे होते म्हणून गृहीत धरू नका. जुन्या संग्रहात एखादीच्या मॅगझिनमध्ये काडतूस राहिलेलं असतं, असं होतं.

आता किमतीकडे. 'जुनी जर्मन रायफल केवढ्याला जाते?' या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या दोन रायफलींत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. तुमच्याच दुसऱ्या, जर्मन रायफलीवरून, म्हणजे माउझरवरून सांगतो, कारण पाचांत सगळ्यात मोलाची तीच असावी असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

'बीवायएफ' हा ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक शिक्का, '४२' म्हणजे १९४२. रायफल बहुधा 'कार ९८ के', जर्मन पायदळाची १९३५ पासूनची नेहमीची रायफल. अशा लाखो बनल्या. युद्धात आणि युद्ध संपताना त्यांतल्या पुष्कळ रशियाच्या हाती लागल्या. रशियनांनी त्या खोलल्या, सगळे सुटे भाग एका ढिगात टाकले, जे हाताला लागलं ते जोडलं, दस्त्यावर, म्हणजे लाकडी भागावर, लाखेचं रोगण फासलं आणि गोदामात भरून ठेवल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत त्या अमेरिकेत आल्या. त्यांच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी जिथे बसते त्या मधल्या पोलादी भागावर, डाव्या बाजूला 'एक्स' अशी फुली मारलेली असते आणि बोल्टवरचा, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागावरचा, मूळ नंबर बहुतेक वेळा रायफलच्या नंबराशी जुळत नाही. अशी रायफल साधारण सातशे ते हजार डॉलरच्या घरात जाते. तिचीच सख्खी बहीण एखाद्या अमेरिकन सैनिकाने १९४५ साली स्वतः घरी आणलेली असेल, सगळ्या भागांवर एकच नंबर असेल, मधे कुणी हात लावलेला नसेल, तर दीड-दोन हजारांच्या पुढेच बोलणं सुरू होतं.

म्हणून आधी नंबर पाहा. काहीही खोलायची गरज नाही. भिंगातून रिसीव्हरच्या डाव्या अंगावरचा नंबर वाचा, त्याखाली एक छोटं अक्षरही असेल. मग बोल्टचा दांडा, सेफ्टीची पाती, खालची मॅगझिनची झाकणी, ट्रिगरभोवतीची कडी, नळीभोवतीच्या दोन्ही पट्ट्या आणि दस्त्याच्या टोकाची लोखंडी टाच. मोठ्या भागांवर पूर्ण नंबर असतो, बारीक भागांवर शेवटचे दोन आकडे. सगळं जुळलं तर उत्तम. एकट्या बोल्टचा नंबर वेगळा निघाला तरी गिऱ्हाईक किंमत खूप खाली आणतं, कधी कधी निम्म्यावर. त्यानंतर आयातदाराचा शिक्का शोधा. १९६८ च्या अमेरिकन कायद्यापासून बाहेरून आलेल्या प्रत्येक बंदुकीवर आयात करणाऱ्याचं नाव असावं लागतं. ते नळीच्या तोंडाजवळ किंवा रिसीव्हरच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. त्याच कायद्याने लष्करी जुन्या बंदुकांची आयातही बंद केली होती, ती १९८४ नंतर पुन्हा सुरू झाली. तेव्हा तुमच्या माउझरवर असा शिक्का नसेल, तर आजोबांनी आणली या घरच्या गोष्टीला बळ येतं. असेल, तर ती गोष्ट दुसऱ्या एखाद्या रायफलची असणार, आणि तसं स्पष्ट सांगूनच विकावी लागेल.

आता ते करवतीने कापलेलं लाकूड. ते वाचूनच मी तुमचं पत्र बाजूला काढून ठेवलं. ही रायफल एकशे अकरा सेंटिमीटर लांब असते आणि सैनिकाच्या कापडी गोणीत मावत नाही. मग कित्येकांनी काय केलं, तर पट्टी काढून तिच्या खालीच दस्ता कापला. दोन तुकडे गोणीत घातले, आणि घरी आल्यावर कापलेली जागा झाकली जाईल अशी पट्टी पुन्हा चढवली. संग्राहक याला 'डफल कट' म्हणतात. अखंड दस्त्याच्या तुलनेत याने किंमत कमी होते हे खरं. पण रायफल कारखान्यातून किंवा गोदामातून न येता कुणा सैनिकाच्या पाठीवरून आली, याची तो कापच साक्ष देतो. सुताराने तो डिंक-भुश्शाने भरून, घासून 'दिसेनासा' केला की साक्षही गेली आणि लाकूडही गेलं. आहे तसा राहू द्या. कधी दुरुस्त करायचाच झाला तर ते काम नवा मालक जुन्या दस्त्यांच्या कारागिराकडून करून घेईल.

आणि तो पिवळा कागद! ताई, तो कचऱ्यात गेला नाही हे नशीब समजा. युद्ध संपल्यावर सैनिकाला लुटीतली एखादी वस्तू घरी न्यायची असेल तर अधिकाऱ्याच्या सहीचा परवाना घ्यावा लागे. त्यावर सैनिकाचं नाव आणि वस्तूचं वर्णन असे, काहींवर रायफलचा नंबरही. तुमच्या कागदावर आजोबांचं नाव असेल आणि नंबर रायफलशी जुळत असेल, तर तेवढ्या एका कागदाने किमतीत काही शे डॉलरची भर पडते. त्याला लॅमिनेशन करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. आम्लमुक्त प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवा. आजोबांचे सैन्यातून सुटल्याचे कागद, गणवेशातला फोटो, घरी पाठवलेली पत्रं असं काही दिरांकडे किंवा आत्यांकडे असेल तर त्याच्या प्रती काढून घ्या. घर रिकामं करायच्या घाईत हेच आधी फेकलं जातं.

चौथीबद्दल जरा कडक बोलतो, कारण इथे प्रश्न पैशाचा नाही. स्प्रिंगफील्ड आर्मरीत बनलेल्या १९०३ रायफलींपैकी आठ लाखांच्या आतल्या नंबरांना 'लो नंबर' म्हणतात. त्या काळी रिसीव्हर तापवताना भट्टीवरचा कारागीर पोलादाच्या रंगावरून, नुसत्या नजरेने तापमान ठरवत असे. ऊन लख्ख असलं की पोलाद असतं त्यापेक्षा कमी तापलेलं दिसायचं, मग ते जास्त तापवलं जायचं आणि ठिसूळ व्हायचं. काही रिसीव्हर गोळी झाडताना फुटले, माणसं जखमी झाली, आणि १९१८ मध्ये आठ लाखांच्या आसपासच्या नंबरापासून पद्धत बदलण्यात आली. तुमची सहा लाखांतली म्हणजे त्या आधीची. कुठली धोक्याची आणि कुठली बरी हे बाहेरून ओळखता येत नाही. सासऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरली असेल, काही झालं नसेल. तरीही ती मुलाच्या हातात शिकारीसाठी देऊ नका, यजमानांनीही तिच्यातून गोळी झाडू नये. सासऱ्यांची आठवण म्हणून भिंतीवर लावा, बोल्ट वेगळा कुलपात ठेवा. बाजारात ती विकायची म्हटली तरी लाकूड छाटलेलं, दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडलेली, त्यात नंबर जुना. अडीचशे ते चारशे डॉलरच्या वर फारशी जाणार नाही, तीही भागांसाठी. (फक्त लाकूडच छाटलेलं असतं तर जुना दस्ता मिळवून ती पूर्वरूपात आणता आली असती. पोलादाला पडलेलं भोक मात्र बुजवलं तरी दिसतंच.) म्हणून आठवण म्हणून ठेवायची तर हीच ठेवा. तिच्यासाठी तुम्ही फार पैसे सोडत नाही.

आता अशोकस्तंभ. तुमच्या वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाहेरून ही हुबेहूब थ्री नॉट थ्री दिसते, आणि महाराष्ट्रात ती रायफल कुणी पाहिली नाही? हवालदाराच्या खांद्यावर पाहिली, एनसीसीच्या कॅम्पात हाताळली. पण दस्त्याच्या मानेपाशी जो लोखंडी गळपट्टा आहे त्याची उजवी बाजू नीट वाचा. तिथे सिंहांखाली 'आरएफआय' आणि '७.६२ एमएम २ए१' असं असेल, तर ती .३०३ नव्हेच. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने १९६२ च्या चीन युद्धानंतर हा नमुना तयार केला. जुन्या ली-एनफिल्डचाच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचाच साचा, पण पोलाद जास्त मजबूत आणि गोळी नाटोची ७.६२. आणखी दोन खुणा सांगतो. मॅगझिन .३०३ च्या मॅगझिनसारखं तिरकं न दिसता चौकोनी दिसतं आणि त्यात बारा गोळ्या बसतात. आणि मागच्या निशाणाच्या पट्टीवरचे आकडे ८०० वर थांबतात, जुन्या थ्री नॉट थ्रीवर ते २००० पर्यंत जातात. हे ओळखणं किमतीपेक्षाही जिवासाठी महत्त्वाचं, कारण कुणीतरी नाव ऐकून .३०३ च्या गोळ्या आणून ठेवतो. या रायफलीत त्या चालत नाहीत, चालवायचा प्रयत्नही करायचा नाही.

पैशाच्या दृष्टीने ईशापूरची दोन महायुद्धांतली कामगिरी नाही, म्हणून ली-एनफिल्ड जमवणारे पहिल्या महायुद्धाच्या शिक्क्याच्या इंग्रजी रायफलीला जास्त देतात. ही साधारण चारशे ते सहाशे डॉलरची. मॅगझिन मूळचं बारा गोळ्यांचं आहे ना आणि बोल्टचा नंबर गळपट्ट्यावरच्या नंबराशी जुळतो ना, एवढं पाहा. तसं मॅगझिन पुन्हा मिळवायला त्रास होतो, त्यामुळे ते हरवलं असेल तर किंमत चांगलीच उतरते. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला स्क्रू दिसला तर कुणी बिघडवली असं समजू नका. लाकूड तडकू नये म्हणून ईशापूरवाले तो मुद्दाम घालत.

पहिल्या रायफलीच्या, म्हणजे एम१ गॅरंडच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात, कारण तिच्या भावाला आधार आहे. अमेरिकन सरकारने जपून ठेवलेल्या गॅरंड 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम' ही संस्था प्रतवारी लावून, ठरलेल्या दरात नागरिकांना विकते. ती १९९६ पासून हे काम स्वतंत्रपणे करते, त्याआधी ते लष्कराकडे होतं. तिचा एक तळ तुमच्याच राज्यात आहे, इरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला. त्यांचा चालू दरफलक पाहिला की बाजाराचा पाया कळतो. साध्या, चालत्या अवस्थेतली गॅरंड आज हजाराच्या आगेमागे ते दीड हजारापर्यंत जाते. नंबर रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, डोळ्यांजवळच्या बाजूला असतो, आणि नंबरावरून वर्ष-महिना सांगणारे तक्ते सहज मिळतात. नळीवरही तारीख असते, पण ती पाहायला उजवीकडचा दांडा मागे ओढून धरावा लागतो. हे जाणत्याकडूनच करून घ्या. त्या बोल्टने अंगठा चेचून घेतलेले लोक इतके आहेत की त्या दुखापतीला इथे नावच पडलंय. युद्धानंतर बहुतेक गॅरंड लष्करी कारखान्यांत खोलून, भाग बदलून परत जोडल्या गेल्या. त्यामुळे भाग वेगवेगळ्या कारखान्यांचे निघाले तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. सासऱ्यांनी ती या संस्थेकडूनच घेतली असेल तर तिचं प्रमाणपत्र किंवा मूळ खोका सापडतो का बघा. नुसत्या त्या कागदानेही गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

तुमची तिसरी बहुधा मोसिन-नागंट. या रशियन रायफलींबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. १९९० नंतर त्या पेट्याच्या पेट्या भरून आल्या, दुकानांत शंभर डॉलरच्या आत मिळायच्या. तो चिकटपणा म्हणजे गोदामात गंजू नये म्हणून लावलेलं घट्ट ग्रीस. आयात आटली तसे भाव चढले, आज तीनशे ते साडेचारशे. एकच गोष्ट तपासा. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला दोन गोल भोकं बुजवल्यासारख्या खुणा दिसल्या, तर ती पूर्वी दुर्बिणीची नेमबाजांची रायफल होती आणि तिला निराळं गिऱ्हाईक आहे. तसं असेल तर मला कळवा.

हे आकडे तुम्ही स्वतः पडताळून पाहा, आणि पाहताना कुणी किती 'मागतोय' ते पाहू नका. एकाच रायफलीला कुणी तीन हजार मागत वर्षभर बसलेला असतो. गनब्रोकरसारख्या लिलावाच्या ठिकाणी खातं उघडलं की संपलेले लिलाव पाहता येतात, त्यांत प्रत्यक्ष विकलं गेलेलं किती हे दिसतं. त्यांतून तुमच्यासारख्याच खुणांच्या, तुमच्यासारख्याच अवस्थेतल्या चार-पाच निवडा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून द्या. मोठ्या लिलावगृहांचे निकाल पाहत असाल तर जपून. जाहीर केलेल्या रकमेत बहुतेक वेळा खरेदीदाराने वर भरलेलं कमिशन धरलेलं असतं, आणि विकणाऱ्याच्या हिश्श्यातूनही काही टक्के जातात. हातात येणारी रक्कम त्यामुळे बरीच कमी असते.

आता दुकानदाराच्या दोन हजारांचा हिशेब करू. माउझरचे नंबर जुळतात आणि कागद खरा आहे असं धरलं, तर काप असूनही ती दीड-दोन हजारांची. गॅरंड हजार ते दीड हजार. ईशापूर, मोसिन आणि छाटलेली स्प्रिंगफील्ड मिळून साडेनऊशे ते साडेचौदाशे. म्हणजे एकूण साडेतीन ते पाच हजारांच्या मधे. दुकानदार विक्रीच्या किमतीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत देतो, हा त्याच्या धंद्याचा नियम. त्याला भाडं आहे, माल महिनोन्‌महिने पडून राहतो, परत आलेल्या तक्रारी त्याच्या माथी. त्या मापाने त्याने तुम्हाला फसवलेलं नाही. फक्त त्याने माउझरची साधी, कागद नसलेली किंमत धरली, आणि बाकीच्या चारांबरोबर एका आकड्यात बांधून टाकली. नुकसान तिथे होतंय. दिरांना असं सांगून पाहा, की मोसिन आणि हवी तर गॅरंड आत्ताच त्या दुकानदाराला वेगवेगळ्या भावाने देऊ, म्हणजे घरही रिकामं व्हायला लागेल. पण माउझर कागदासकट लष्करी वस्तूंच्या लिलावगृहाकडे किंवा कमिशनवर विकणाऱ्या परवानाधारकाकडे जाईल. त्यासाठी घर अडवून धरायची गरज नाही, ती यजमानांच्या घरी कुलपात राहू शकते.

भावाभावांत वाटणी आहे, तेव्हा एखाद्या तज्ज्ञाकडून लेखी मूल्यांकन करून घ्या. त्याची फी द्या, आणि त्याला आधीच सांगा की माल त्याला विकणार नाही. ज्याला माल घ्यायचा आहे त्याच्याकडून किंमत ठरवून घेऊ नये. हा कागद पुढे कर भरतानाही लागतो, कारण वारसाने आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणून मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. विक्रीचा अधिकार मृत्युपत्राप्रमाणे ज्याच्याकडे आहे त्यानेच सही करायची, दिरांनी किंवा तुम्ही परस्पर नव्हे. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असेल तर रायफल परवानाधारक दुकानदारामार्फतच गेली पाहिजे, तसा संघराज्याचा कायदा आहे. ओहायोतल्या ओहायोत सक्ती नाही, तरी माझा आग्रह आहे की दुकानदारामार्फतच करा. पंचवीस-पन्नास डॉलर जातात, पण घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि उद्या त्या रायफलीचं काही झालं तर तुमच्याकडे कागद असतो.

शेवटी वडिलांचं. ते व्हिजिटर व्हिसावर येणार. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्या भानगडीत पडू नका. तुमच्या ओळखीत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरची मुलं असतील तर त्यांनाही हेच लागू, आणि आपल्या मंडळींना हे बहुधा ठाऊकच नसतं. मौजेने हातात घेऊन फोटो काढायलाही नको म्हणा. वडिलांनी ती जरूर पाहावी, पण यजमानांच्या हातात. भारतात नेणं तर शक्यच नाही. इथून बाहेर पाठवायला निर्यात परवाना लागतो, आणि तिकडे .३०३ काय किंवा ७.६२ काय, दोन्ही निषिद्ध बोअर, सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळत नाही. निवृत्त फौजी असले तरी नाही. हे त्यांना विमानात बसण्याआधीच फोनवर सांगा, म्हणजे इथे येऊन हिरमोड व्हायला नको.

मला फोटो पाठवाल तर असे पाठवा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, खिडकीकडून तिरका प्रकाश येईल असे, म्हणजे कोरलेली अक्षरं उठून दिसतात. माउझरच्या प्रत्येक नंबराचा वेगळा, रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंचा, कापाच्या जागेचा पट्टी न हलवता, आणि कागदाचा पुढून-मागून. मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर तेही.

तुमचा,
सदरलेखक